अकरा वाजताची मोकळी जागा

१५ जानेवारी १९७४, मंगळवार

जागा मोजून झाली. मी आणि गवंडी कल्लप्पा सोडून तिथे चिटपाखरू नव्हते. सगळे सोलापूर सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर गेलेले. काल संक्रांत, आज किंक्रांत, उद्या पाळणे. या गावाला कामाची घाई नसावी. लॉजवाल्याने चहासुद्धा नऊ वाजता दिला. पण एका परीने बरे झाले. अकराला पोचलो तेव्हा साखर पेठेच्या पोटातली ती सगळी पट्टी मला कोऱ्या कागदासारखी मिळाली.

लांबी एकशे ऐंशी फूट, रुंदी सत्तर. पूर्वेला सात कडुलिंब एका रांगेत, पंचवीस-पंचवीस फुटांवर, जणू कोणी टेप लावून लावलेले. पश्चिमेला जुन्या वखारीची उंच भिंत. वारा येतो पण अंगावर धावत नाही. लॉजवर परतून उन्हाळ्यातल्या उन्हाचा हिशेब केला: सकाळी साडेआठपर्यंत त्या जमिनीला ऊन शिवत नाही. भर शहरात अशी शहाणी जमीन मी पाहिलेली नाही. कोणीतरी विचार करून राखून ठेवावी तशी आहे.

अकरा वर्षे दुसऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्याच्या नावाचे नकाशे काढले. हे भवन माझ्या नावावर उभे राहणारे पहिले काम. नाटक, भजन, सभा, लग्न, वाचनालय, सगळे एका छताखाली. काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, चुना, मध्ये चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याची टाकी. वर माळवद. पांढऱ्या मातीचे जाड छप्पर, त्याला उजेडासाठी आणि गरम हवा जाण्यासाठी साणी. सिमेंट नाही, पंखा नाही. मे महिन्यात लोक गारव्यासाठी येऊन बसतील.

पट्टीच्या दोन्ही टोकांना भोके पाडलेले काळे दगड जमिनीत रुतलेले आहेत, चार इकडे, चार तिकडे. गुरे बांधायचे असावेत. कल्लप्पाला म्हणालो, "हे उपटून काढ."

"साहेब, ते..."

"ते काय?"

"काय न्हाय." आणि कुदळ घेतली.

पाहणीच्या अहवालात लिहिले: जागा पूर्ण मोकळी. कसलाही वापर नाही.

२८ जानेवारी, सोमवार

भवन समितीपुढे नकाशे मांडले. पाच सभासद, त्यांतल्या चौघांनी मला फाडून खाल्ले.

ईश्वरप्पा तेलाचे दुकानदार. त्यांनी नकाशा उलटा धरला आणि उलटाच वाचला. "माळवद? आमच्या आजीचा जन्म गेला माळवदात. मिरगाच्या आधी वर चढून माती चोपायची, मीठ टाकायचं, गळलं की पातेली मांडायची. आता कुटं आमी स्लॅबखाली झोपायला लागलो, तर तुमी पुण्यास्नं येऊन परत डोक्यावर मातीच घालायलाव?"

मी सांगितले, सिमेंटच्या परमिटला आठ महिने लागतात. वीज रोज जाते. तुमचे पंखे म्हणजे छताला लटकलेली वटवाघळे.

"मग उकडलं की तुमी येताव काय वारा घालायला?"

सगळे हसले. दुसरा म्हणाला, "पुण्याच्या लोकास्नी गरिबी लई आवडती. दुसऱ्याची."

मी कागद गुंडाळायला लागलो होतो. तेवढ्यात अध्यक्ष सिद्रामप्पा बोलले. सुताचे मोठे व्यापारी, स्वतःच्या वडिलांची जागा त्यांनीच भवनाला दिली आहे. तासभर ते सुपारी कातरत होते. "साहेब म्हणताव तसंच हुईल. मातीचं तर मातीचं." विषय संपला.

जिन्यावरून उतरताना मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "त्यात काय. तुमी जागेचा दाखला तेवढा लवकर द्या. मोकळी हाय म्हणून. तुमच्यासारख्या शिकल्या माणसाची सही लागती."

या शहरात एक तरी माणूस आहे ज्याला चांगल्या कामाची पारख आहे.

४ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी बारा खुंट्या ठोकून सुतळीने आखणी केली होती. आज अकराला गेलो तर एकही जागेवर नाही. बाराच्या बारा शेवटच्या लिंबाखाली रचून ठेवलेल्या. सुतळीची गुंडी करून वर ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर दगड.

परत ठोकल्या.

५ फेब्रुवारी, मंगळवार

परत तेच.

७ फेब्रुवारी, गुरुवार

चौथ्यांदा तेच. चोर इतका बेरड, की खुंट्या मोजून रचतो. सुतळीचा एक वार हरवत नाही. ही चोरी नव्हे, मला दिलेले उत्तर आहे. ईश्वरप्पाचा माणूस असणार. त्याला स्लॅब हवा.

मोहल्ला गलिच्छ आहे हे आणखी वेगळे. मधोमध जमीन ओली असते, आंबूस वास येतो आणि तीन-चार कुत्री ती माती चाटत असतात. मुंग्या तर पायावर चढतात. पुण्यात सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

कल्लप्पा म्हणाला, "साहेब, एक डाव सकाळी येऊन बघा की."

"मी रोज येतो."

"रोज येताव. अकराला येताव."

"गवंड्याने आर्किटेक्टला कामाच्या वेळा शिकवायच्या नसतात." मी जरा मोठ्यानेच बोललो. तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि पाणी प्यायला गेला. अर्धा तास आला नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज चोर स्वतःहून समोर आला. म्हणजे आली. साठीची बाई, नाव नरसव्वा, पलीकडच्या गल्लीतल्या विणकरांपैकी. घरात तेलुगू बोलणारी माणसे ही. बोटांच्या टोकांवर पांढरी पापुद्र्यासारखी साल. लिंबाखाली पाय पसरून बसली होती, मी आलो तरी उठली नाही.

"खुंट्या तुमच्या व्हय?"

"माझ्या. तूच काढतेस का?"

"मी काढते, माझी सून काढती, शेजारीण काढती. ज्याच्या पायाला लागती ते काढतंय. पर टाकत न्हाय. तुमची वस्तू हाय, नीट ठिवतो."

"कशाला काढता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या मठ्ठ मुलाकडे बघावे तशी. "हितं आमी रोज सूत ताणतो. हातमागाचा ताणा. ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर. मंग कुंच्यानं खळ लावायची. सासूच्या सासऱ्यापास्नं हाय. ही झाडं त्येनीच लावली. तुमी दगुड काढले, आता खांब बसत न्हाईत आमचे."

मी सगळी पट्टी हाताने दाखवली. "कुठे आहे सूत? दाखव. मी महिनाभर रोज इथे येतो आहे. एक धागा दिसलेला नाही."

"तुमी उठताव कदी?"

"त्याच्याशी तुला काय करायचे आहे?"

"एमय्या, ऐक की," ती कल्लप्पाकडे वळून म्हणाली, "ह्यो मानूस घर बांदनार, आन ह्याला सूर्य कदी उगवतोय ते ठाव न्हाय."

कल्लप्पाने तोंड फिरवले. हसत होता, पाठ हलत होती.

मी तिला हाकलून दिले. खोटे बोलायलासुद्धा थोडे डोके लागते. निदान रिकाम्या जागेवर उभे राहून ती भरलेली आहे असे सांगू नये.

१८ फेब्रुवारी, सोमवार

विणकरांनी कोर्टात दावा लावला आहे. म्हणे पिढ्यानपिढ्यांची वहिवाट. सिद्रामप्पा स्वतः गाडी घेऊन लॉजवर आले. माझे प्रतिज्ञापत्र हवे होते. वकिलाने टाईप करून आणले होते. "मी सदर जागेवर दररोज जातो. सदर जागेचा कोणीही कसलाही वापर करीत असल्याचे माझ्या पाहण्यात आलेले नाही." अक्षरन्‌अक्षर खरे. कोर्टात जाऊन आनंदाने सही केली.

त्यांनी परत सोडताना वाटेत एक नवी शेड दाखवली. त्यांचीच, सायझिंगची. जर्मन यंत्र आहे, सुताला खळ देऊन, वाळवून, गुंडाळून बाहेर टाकते. "शंभर बायका चार दिवसांत करतील ते एका दिवसात," ते म्हणाले. "पर लोक येत न्हाईत अजून. हातानं फुकटात हुतंय म्हणतात. येतील. हळूहळू येतील."

शेडचे छप्पर पत्र्याचे आहे. मी सांगितले, आत मे महिन्यात माणूस भाजून निघेल, निदान वर गवताचा थर द्या. ते म्हणाले, देऊ की. मोठा ऐकून घेणारा माणूस.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

कोर्टाने काम थांबवायला नकार दिला. माझ्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख करून. पूर्ण सुनावणी एप्रिलमध्ये. तोपर्यंत आपण पाया भरू.

४ मार्च, सोमवार

काटेरी तारेचे कुंपण झाले. फाटकावर दोन पोलीस आणि रुद्रप्पा नावाचा पहारेकरी. आज खुंट्या पहिल्यांदा जागच्या जागी सापडल्या. सुतळीवरून हात फिरवला, ताठ होती. महिन्याभरात एवढे बरे वाटले नव्हते.

कुत्री मात्र फाटकाबाहेर बसून असतात. आत ओल नाही, वास नाही. जागा स्वच्छ झाली.

८ मार्च, शुक्रवार

गल्लीतून जाताना माडीवरून कोणीतरी माझ्या अंगावर कढईभर खळ ओतली. डोके, चष्मा, शर्ट, नकाशांची गुंडाळी. वर पाहिले तर खिडकीत कोणी नाही. समोरच्या ओट्यावरच्या तीन म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघत बसलेल्या. एकीनेही पदर तोंडाला लावला नाही. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

शर्ट परटाकडे टाकला. त्याने बाही दाबून पाहिली. "फुकटात खळ दिली की साहेब, आन चांगली दिली. मी इस्त्री तेवढी करतो."

चौकशी केली तेव्हा कळले, कुंपण झाल्यापासून माग बंद आहेत. त्यांना दुसरीकडे जागा मिळेल. शहर काय एवढ्या एका पट्टीचे आहे?

१४ मार्च, गुरुवार

उत्तरेच्या टोकाचा पाया भरला. भर कमी पडली तेव्हा ते उपटलेले भोकांचे आठ दगड आत टाकायला सांगितले. कल्लप्पाने टाकले. शेवटचा टाकला आणि थापी धुऊन पिशवीत ठेवली.

"कुठे निघालास?"

"काम सोडलं."

"का?"

"साहेब, तुमचा नकाशा चांगला हाय. माळवद मला येतंय, माझ्या बापानं केल्याली माळवदं अजून गळत न्हाईत. मला हौस हुती. पर तुमी लई बघताव आन कायबी दिसत न्हाय तुमास्नी."

मी विचारले, हे तुला कोणी शिकवले, ईश्वरप्पाने की विणकरांनी. तो गेला. रुद्रप्पाने फाटक उघडले तेव्हा त्याला रामराम केला. मला तो करत नाही.

नवा गवंडी लातूरकडचा. चुना कशाशी खातात ते त्याला माहीत नाही.

२५ मार्च, सोमवार

अकराला पोचलो. सातही लिंबांना चुन्याचे पट्टे. तोडायचे म्हणून.

तसाच सिद्रामप्पांच्या पेढीवर गेलो. ते सूत तपासत होते. शांतपणे म्हणाले, बसा. गादीखालून एक नकाशा काढला. माझा नव्हता. खाली चोवीस गाळे, वर स्लॅब, स्लॅबवर पत्र्याचा एक हॉल. लिंबांच्या जागी दुकानांच्या पायऱ्या. सिमेंटचे परमिट आले आहे म्हणाले.

"आणि माझे भवन?"

"वर हाय की हॉल. भजन हुईल, लगीन हुईल. भवनच म्हणायचं त्याला."

"तुम्ही समितीपुढे मातीचे कबूल केले होते."

"तवा मातीचंच बोलायचं हुतं, साहेब. सिमेंटची दुकानं म्हटलं असतं तर लोक पहिल्या दिवशीच उठले असते. मातीच्या घराला कोन भितंय?" सुताची लडी त्यांनी बोटावर ताणून पाहिली. "तुमच्या सहीनं जागा मोकळी झाली. आता ह्या नकाशावर एक सही करा. तुमचंच नाव राहील पाटीवर. पाटी दगडाची करू, तुमास्नी दगुड आवडतोय."

मी सही केली नाही. उठलो. मागून आवाज आला, "उद्या करा. घाई न्हाय."

माझा विश्वासघात झाला आहे. या गावात एक जण सरळ असेल तर शपथ. दोन महिने मी यांच्यासाठी ऊन, वारा, पाणी मोजले आणि यांनी माझा उपयोग फाटकाच्या कुलपासारखा केला.

त्या पेढीवर आणखी एक गोष्ट पाहिली. सिद्रामप्पांच्या दाराशी आठ-दहा विणकर सुताच्या मोळ्या घेऊन रांगेत उभे होते. एका हमालाला विचारले, हे कशासाठी. "सायझिंगला," तो म्हणाला. "दुसरं कुटं जातील?"

२६ मार्च, मंगळवार

दिवसभर लॉजवर. जेवलो नाही. संध्याकाळी कल्लप्पाचे घर शोधत गेलो. तो भाकरी खात होता. बसा म्हणाला नाही. त्याच्या बायकोने, जगदेवीने, पाणी दिले, तेही भांडे माझ्यापुढे जरा आपटूनच.

मी सिद्रामप्पांचे सगळे सांगितले. त्याला नवल वाटले नाही.

"तुला माहीत होते?"

"सगळ्या पेठेला ठाव हुतं. सायझिंग आली तवाच."

"मग मला का सांगितले नाही?"

त्याने घास खाली ठेवला. "तिनं सांगितलं. मी सांगितलं. दगडानंबी सांगितलं असतं, तुमी उपटला." मग हात धुऊन, "उद्या साडेपाचाला नाल्याकडच्या रस्त्यावर या. येताव का उठून?"

२७ मार्च, बुधवार

साडेपाचला गेलो. उजाडायला लागले होते.

नाल्याकडचा रस्ता. रस्त्याच्या एका कडेने दीडशे फूट सूत ताणलेले. हजारो धागे, एकमेकांना न चिकटता, कमरेइतक्या उंचीवर, मध्ये मध्ये काठ्यांच्या घोड्यांवर तोललेले. दोन्ही बाजूंनी बाया आणि पुरुष लांब कुंचे घेऊन एका चालीने पुढे जातात, परत येतात. कोणी बोलत नाही. खळीचे थेंब खाली पडतात. कुत्री वाट बघत बसलेली. तीच कुत्री.

तो आंबूस वास.

मी टेप काढला नाही, पण डोळ्याला सवय आहे. लांबी, दिशा, दोन्हीकडची चालायची जागा, सगळे माझ्या पट्टीच्या मापाचे. फक्त इथे झाडे नाहीत आणि भिंत नाही. सव्वासहाला वारा सुटला आणि सूत एका बाजूला फुगले. सगळे धावले. सात वाजता ऊन थेट पडले. नरसव्वा म्हणाली, "लौकर वाळलं, पळा," आणि धागे तुटायला लागले, तट तट, शेंगा फुटाव्या तसे. मग बाजाराची एक बैलगाडी आली. गाडीवान ओरडत होता, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का. काठ्यांच्या घोड्या बाजूला घेताना सुताचा एक कोपरा जमिनीला टेकला.

चौघी खाली बसल्या आणि तुटलेले धागे एकेक करून गाठायला लागल्या. मी मोजत होतो. दोनशेपर्यंत मोजले आणि थांबलो.

साडेआठपर्यंत ऊन शिवत नाही, हे मी कागदावर काढले होते. त्यांनी झाडे लावून काढले होते.

नरसव्वाने मला पाहिले. गाठ मारायची थांबली नाही.

"आला का सूर्य?" एवढेच म्हणाली.

मी म्हणालो, मी कोर्टात लिहून देईन.

"तुमच्या लिवण्यानं गेलं. लिवण्यानं परत येतंय का बघा की." मग सुनेला तेलुगूत काही सांगितले. सून माझ्या पायाजवळ येऊन म्हणाली, "सरका. धाग्यावर हाय पाय."

२९ मार्च, शुक्रवार

प्रतिज्ञापत्र मागे घेण्याचा अर्ज विणकरांच्या वकिलाकडे दिला. सिद्रामप्पांनी निरोप पाठवला: पुण्यात त्यांचे बरेच जण ओळखीचे आहेत, मला यापुढे काम मिळणे कठीण जाईल. निरोप घेऊन आलेला माणूस चहा पिऊन गेला.

भवन होणार नाही. हे वाक्य लिहून बघितले. तसे काही वाटले नाही, मग चौकाचा नकाशा काढून बघितला, तेव्हा वाटले. साण्यातून दुपारी दोनला उजेड कुठे पडेल तेही त्यात आखलेले आहे.

९ एप्रिल, मंगळवार

सुनावणी. सिद्रामप्पांच्या वकिलाने मला तासभर उभे चिरले. आपण पदवीधर ना? सही आपलीच ना? तेव्हा शुद्धीवर होता ना? विणकरांनी काय दिले? कोर्टात हशा. ईश्वरप्पा पहिल्या बाकावर बसून खोकल्यासारखे हसत होते.

मग विणकरांचे वकील उठले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"आपण जागेवर दररोज जात होता, असे लिहून दिलेत. ते खरे?"

"खरे."

"किती वाजता?"

"अकरा वाजता."

"अकराच्या आधी कधी?"

"एकदाही नाही."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले आणि लिहून घेतले. कारकुनाने उत्तर मोठ्याने परत वाचले. माझ्या अकरा वर्षांच्या कामातले एवढे एकच वाक्य सरकारी दप्तरात राहील असे वाटते.

निकाल लागेपर्यंत जैसे थे. बांधकाम बंद. कुंपण उघडे. झाडांना हात लावायचा नाही.

बाहेर व्हरांड्यात विणकर उभे होते. कोणी आभार मानले नाहीत. एक तरुण विणकर जवळून जाताना म्हणाला, "महिनाभर माग बंद हुते बे." मला उद्देशून की दुसऱ्याला, कळले नाही. नरसव्वा पायरीवर बसून चप्पल घालत होती. तिने विचारले, "दगुड कुटं हाईत आमचे?"

"पायात."

"कुनाच्या?"

"उत्तरेच्या टोकाला. वर चुना आणि खडी आहे. फोडल्याशिवाय निघायचे नाहीत. आणि आता कोर्टाने हात लावायला मनाई केली आहे."

ती चप्पल घालून झाली तरी बसून राहिली. "म्हंजे जागा मिळाली, आन खांब रोवायला भोक न्हाय."

"नाही."

"उद्या या मंग," ती म्हणाली. "साडेपाचाला. एका मानसाचं काम हाय."

१० एप्रिल, बुधवार

सव्वापाचलाच गेलो. रुद्रप्पाने फाटक उघडले. रामराम केला नाही.

अंधुक उजेडात लिंबांखाली माणसे जमा होत होती. सूत उलगडत गेले. दक्षिणेचा खांब त्यांनी शेवटच्या लिंबाला दोरांनी आवळून बांधला. उत्तरेला झाड नाही. तिथे माझा पाया आहे, गुळगुळीत, पाणसळीत, एक सूतभरही चुकलेला नाही. त्याच्यावर खांब उभा राहीना.

चौघे लागले. कल्लप्पा आला होता, त्याने बुंधा धरला. दोन विणकर दोर घेऊन मागे रेलले. चौथ्या जागी नरसव्वाने मला ढकलले आणि खांबावर माझे दोन्ही हात नेऊन ठेवले.

"पट्टुको," ती म्हणाली. "धरा. हलू नका. तुमी हललाव की धागा तुटतोय."

"किती वेळ?"

"ऊन येस्तवर. किती ते तुमालाच ठाव हाय म्हनतात."

दीडशे फूट सुताचा ओढा एका माणसाच्या मनगटात येतो तेव्हा कळते. पहिल्या दहा मिनिटांत हात भरून आले. नाकावर मुंगी चढली, ती तशीच राहू दिली. कुंचे माझ्याकडे येत, माझ्या पोटाजवळ वळत आणि परत जात. एकदा खळ उडून चष्म्यावर बसली. कल्लप्पा म्हणाला, "पुसू नका," आणि मी पुसली नाही.

मधेच माझा पाय सरकला. एक धागा तुटला. सून आली, गाठ मारली, माझ्याकडे बघून तेलुगूत काही बोलली. सगळी रांग हसली, कुंचे न थांबवता. कल्लप्पाला विचारले, काय म्हणाली.

"म्हनली, दगुड बरा हुता. त्याला पाय नव्हते."

गिरणीचा भोंगा झाला. सावली लिंबांच्या बुंध्यांकडे सरकत गेली. साडेआठला पहिले ऊन सुताच्या कडेला लागले, मी जानेवारीत कागदावर जिथे रेघ मारली होती बरोबर तिथे, आणि त्याच क्षणी नरसव्वाने हात वर केला. सूत वाळलेले होते. त्यांनी ते गुंडाळत नेले. अखेर माझ्या हातात नुसता खांब राहिला.

"जावा आता," ती म्हणाली. "उद्या पाचाला या. आज उशीर झाला तुमाला."

नऊच्या आत पट्टी रिकामी झाली. जमीन ओली, कुत्री चाटतायत. अकरापर्यंत तिथेच बसून राहिलो. अकरा वाजता फाटकातून आत येणाऱ्याला काय दिसते ते एकदा बघायचे होते. काहीही दिसत नाही.

हाताला फोड आले आहेत, म्हणून अक्षर असे. घड्याळाला साडेचारचा गजर लावला आहे.